साथीच्या दिवसांत शेजाराचे दार

(वार्षिक उत्सवानिमित्त भरलेल्या महाजनांच्या सभेतील व्याख्यानाचा मजकूर)



देवळाच्या चौकात गाऱ्हाणे घातले जाते, तेव्हा ज्याच्यावर संकट आलेले असते तो स्वतः बहुधा काहीच बोलत नाही. तो हात जोडून उभा असतो. त्याचे नाव, त्याचे कूळ, त्याची अडचण आणि त्याचे मागणे हे सारे दुसराच कोणी मोठ्या आवाजात देवापुढे मांडतो आणि भोवती जमलेली मंडळी त्यास होकार देतात. आपले दुःख आपल्याच तोंडाने सांगण्याचा संकोच पूर्वजांनी अशा प्रकारे दूर केला होता. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय या साध्या प्रथेशी फार जवळचा आहे. साथ येते, देवळाचा चौक ओस पडतो, माणसे दारे लावून घेतात. अशा वेळी बंद दाराआडच्या माणसाचे गाऱ्हाणे कोणी घालावे आणि ते कोणाकडे घालावे, हा तो विषय होय.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटले. २२ मार्चला जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्याच २५ तारखेस गोव्यातील पहिले तीन रुग्ण जाहीर झाले. त्यानंतरचे काही दिवस ज्यांनी गोव्यात काढले त्यांना स्मरत असेल की, भीती रोगाची होतीच, परंतु त्याहून निकडीची अडचण घरातील रिकाम्या डब्यांची होती. किराणा मिळेना, मासळीबाजार बंद, बसगाड्या बंद. एप्रिलच्या मध्यास गोव्यात एकही रुग्ण उरला नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकला गेला. पण १ जून रोजी वास्को येथील मांगोर हिल हा भाग प्रतिबंधित करावा लागला आणि २२ जूनला गोव्यातील पहिला मृत्यू नोंदला गेला. पुढे २०२१ च्या मे महिन्यात दुसऱ्या लाटेने जो कहर केला तो येथे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. प्राणवायूच्या पुरवठ्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला होता. या महासाथीत गोव्याने सुमारे चार हजार माणसे गमावली. या सभेत ज्यांच्या घरचे एखादे आसन तेव्हापासून रिकामे आहे अशी कुटुंबे असतील. त्यांच्याविषयीचा आदर मनात बाळगूनच पुढील विवेचन करावयाचे आहे.

त्या दिवसांत माणसाला नेमके काय हवे होते, याचा विचार केला तर आश्चर्य वाटते. फार थोड्यांना मोठ्या मदतीची गरज होती. बहुतेकांना लहान लहान गोष्टी हव्या होत्या. रक्तदाबाच्या गोळ्यांची एक पट्टी, चार दिवसांची भाजी, तापाने निजलेल्या घरात दोन वेळचा डबा, बोटाला लावून प्राणवायूचे प्रमाण मोजण्याचे ते छोटे यंत्र, आणि ते प्रमाण ९४ च्या खाली गेले की डॉक्टरांना कळवावे हे सांगणारा कोणी जाणता. रात्री दोन वाजता रुग्णालयात जाण्यासाठी गाडी. आणि या सर्वांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे रोज एकदा ‘कसे काय आहे?’ म्हणून विचारणारा आवाज. यांपैकी एकही गोष्ट दुर्लभ नव्हती. वाड्यावर कोणाकडे तरी ती असेच. तरीही ती ज्याला हवी त्याच्यापर्यंत कित्येकदा पोहोचली नाही. ती का पोहोचली नाही, हे शोधले पाहिजे.

पहिले कारण असे की, देणाऱ्याला घेणारा ठाऊक नव्हता. मुले पुण्या-मुंबईस, आखातात वा त्याहून दूर. जुन्या घरात दोघे वृद्ध किंवा त्यांतील एकच उरलेले. अशी घरे आज गोव्यात वाड्यावाड्यांवर आहेत. उत्सवाला दूरदूरची मंडळी येतात तेव्हा हे घर भरलेले दिसते. उत्सव संपला की त्याच्या ओसरीवर एकच दिवा लागतो. पण उत्सवाच्या दिवशी पाहणाऱ्याला तो एक दिवा दिसत नाही.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे, परंतु महाजनांच्या सभेत ते स्पष्टपणे मांडणेच योग्य. ते म्हणजे घराण्याचा आब. ज्याचे हातावर पोट तो आपली अडचण उघडपणे सांगतो, कारण त्याला दुसरा मार्ग नसतो. पण ज्या घराने आजवर देवळात नैवेद्य दिला, पालखीला खांदा दिला, दारी आलेल्याला कधी रिकाम्या हाती पाठविले नाही, त्या घराला ‘आमच्याकडे चार दिवस चूल पेटविणारे कोणी नाही’ असे सांगणे मरणाहून कठीण वाटते. साथीच्या काळात त्यात आणखी एक भर पडते. आजार कळला तर लोक घर वाळीत टाकतील ही भीती. मग ताप लपविला जातो आणि उपचाराचे दिवस हातचे निघून जातात.

ही भीती नवी नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप ओळखला तो डॉ. आकासियु गाब्रिएल व्हिएगश या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी. प्लेग आला आहे हे त्यांनी निर्भयपणे सांगितले. त्यानंतर सरकारने १८९७ साली साथरोगांचा कायदा केला, घरोघर झडत्या सुरू झाल्या, संशयितांना बळाने रुग्णालयात नेण्यात येऊ लागले. परिणाम असा झाला की लोक रुग्णाला माळ्यावर, अडगळीत लपवू लागले, कित्येक शहर सोडून पळाले. रोग्याला हलविणे वैद्यकदृष्ट्या पुष्कळदा योग्यही असेल, पण नेणाऱ्याचा चेहरा परका होता. ही चूक लक्षात आल्यावर मुंबईत निरनिराळ्या समाजांनी स्वतःची प्लेग-रुग्णालये उभारली आणि पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय निघाले. आपल्या माणसांच्या हाती रुग्ण सोपविण्यास लोक कमी कचरू लागले. त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा केली आणि एका आजारी मुलाला उचलून आणताना झालेल्या संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ते मूल त्यांच्या नात्याचे नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे.

त्या साथीची झळ गोव्यालाही लागली. वास्को शहराची परंपरा असे सांगते की, १८९८ च्या सुमारास तेथे साथीने थैमान घातले तेव्हा नागरिक जांबावलीस श्री दामोदराच्या चरणी गेले, तेथून प्रसादाचे श्रीफळ आणले, त्याची वास्कोत स्थापना केली आणि अखंड भजन आरंभिले. साथ ओसरली. श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारा तेथील दामोदर भजनी सप्ताह त्या घटनेची आठवण आजतागायत जागवीत आहे. नवे श्रीफळ ठेवले जाते, जुने समुद्रात विसर्जित होते, आणि निरनिराळ्या व्यवसायांच्या व समाजांच्या मंडळींचे पार गात वाजवीत देवळाकडे येतात.

श्रद्धाळू या घटनेत देवाची कृपा पाहतात आणि त्यांच्या श्रद्धेस बाध आणण्याचे कारण नाही. परंतु त्या सप्ताहाच्या रचनेतच व्यवहाराचा एक मोठा धडा दडलेला आहे. भजन अखंड चालवायचे तर एकाच मंडळीने चालविता येत नाही. गळा बसतो, झोप येते, घरची कामे असतात. म्हणून पाळ्या लागतात. अमुक प्रहर अमक्यांचा, तमुक प्रहर तमक्यांचा. आपली पाळी संपली तरी पुढची मंडळी येऊन टाळ हाती घेईपर्यंत आधीच्यांनी उठायचे नाही, हा अलिखित नियम. मध्यरात्रीनंतरचा प्रहर सर्वांत अवघड, पण तोही कोणीतरी घेतोच. ज्या समाजाला अशा पाळ्या लावता येतात, त्याला आजाऱ्याच्या घरी डबा पोहोचविण्याच्या पाळ्या लावणे अवघड जाऊ नये.

येथे एक गोष्ट मात्र तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांच्या द्वारे पसरत असे. कोविड माणसाच्या श्वासातून पसरला. म्हणून १८९८ साली एकत्र बसून भजन केले, तसेच २०२० साली करावे, असा अर्थ कोणी काढू नये. २०२० च्या श्रावणात सप्ताहाचा नेहमीचा मेळा भरला नाही, आणि त्यात देवाची कोणतीही अवज्ञा झाली नाही. रोग बदलला की गर्दीचे नियम बदलावे लागतात. पाळीचा नियम मात्र दोन्ही साथींत तोच राहतो.

दोन साथींच्या मध्ये आणखी एक साथ येऊन गेली. तिचे विस्मरण फार लवकर झाले. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावर असलेल्या पोलीस शिपायांना ताप आला आणि सप्टेंबरात त्याच इन्फ्लुएन्झाने उग्र रूप धारण केले. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे दगावली. संपूर्ण हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी गेले. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, त्याचे हेच मोठे कारण. डॉक्टर महायुद्धावर गेलेले, पाऊस अपुरा, धान्य महाग. सरकारी यंत्रणा थिटी पडली. त्या वेळी ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापिलेली सोशल सर्व्हिस लीग पुढे आली. तिच्या जोडीने ज्ञातिसंस्था, विद्यार्थी, व्यापारी यांनी चाळीचाळींतून औषध, दूध आणि पांघरुणे पोहोचविली. शिकलेल्या व सुस्थितीतील लोकांनी गरिबांच्या मदतीला इतक्या मोठ्या संख्येने धावून जाण्याचा हा पहिलाच प्रसंग, अशा आशयाची नोंद सरकारी अहवालातही झाली.

यात लक्षात घेण्यासारखे हे की, लीग १९१८ साली जन्मलेली नव्हती. ती सात वर्षे आधीपासून चाळींतून रात्रशाळा, वाचनालये असली कामे करीत होती. स्वयंसेवकांना जिने ठाऊक होते, खोल्या ठाऊक होत्या, आणि खोल्यांतील माणसांना ते ठाऊक होते. शंभर वर्षांनंतर केरळात तोच अनुभव आला. तेथे १९९८ साली ‘कुटुंबश्री’ ही स्त्रियांची चळवळ सुरू झाली होती. दहा ते वीस शेजारणींचा एक गट, अशी तिची बांधणी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी येताच स्थानिक पंचायती व या शेजारणी यांनी मिळून काही दिवसांत हजाराहून अधिक सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू केली. गट आधीच होता, हिशेबाची वही आधीच होती, विश्वासही आधीच होता. चुलीवर फक्त मोठे भांडे चढवावयाचे होते. एप्रिल २०२१ मध्ये गाझियाबादजवळील इंदिरापुरमच्या गुरुद्वारात ‘ऑक्सिजन लंगर’ सुरू झाले, तेही याच प्रकारचे. ज्या दारात अन्न मागण्यास कोणास लाज वाटत नाही हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्याच दारात माणसे प्राणवायूसाठी निःसंकोच गेली.

या सर्व उदाहरणांवरून निष्कर्ष एकच निघतो. साथ आल्यावर मदतीची संस्था काढता येते, पण विश्वास काढता येत नाही. तो आधीच असावा लागतो. आणि ज्या दारावर लोकांचा विश्वास आधीपासून आहे असे दार गोव्याच्या गावागावांत कोणते, असे विचारले तर देवस्थानाचे नाव पहिल्या काहींत येईल.

आता महाजनांच्या संस्थेकडे वळू. १९३३ च्या देवस्थान कायद्याने या संस्थांना जी शिस्त लाविली तिचे एक अंग म्हणजे महाजनांची नोंदवही. पोर्तुगीज अमदानीतील शब्द घेऊन जुनी मंडळी तिला ‘काताल्ग’ म्हणतात. कोणते घराणे, कोणाचा पुत्र, मताचा अधिकार कोणास, याची त्यात काटेकोर नोंद. तिच्यातील एका नावासाठी वर्षानुवर्षे दावे चालल्याची उदाहरणे काय थोडी आहेत? परंतु ही वही हक्कांची आहे. कोणाचा मान कोणता हे ती सांगते, कोणाला गरज कोणती हे ती सांगत नाही. ज्या वृद्ध स्त्रीच्या हातून वर्षानुवर्षे देवाला फुलांची माळ गेली, तिचे नावही परंपरेने या वहीत येत नसे. ती एकटी आहे, तिला साखरेचा विकार आहे, तिच्या मुलाचा दूरध्वनी क्रमांक अमुक, आणि तिच्या घराची दुसरी किल्ली शेजारच्या अमक्याकडे, हे सांगणारी वही कोणत्याही कपाटात नाही.

म्हणून सूचना अशी की, प्रत्येक देवस्थानाने हक्कांच्या वहीशेजारी एक दुसरी वही ठेवावी. तिचे रकाने फार नकोत. घर, घरात वस्तीला असणारी माणसे व त्यांची वये, नित्याचे औषध, दूर असलेल्या आप्ताचा दूरध्वनी, जवळच्या शेजाऱ्याचे नाव, आणि शेवटचा रकाना, या घराकडून इतरांना काय देता येईल. हा शेवटचा रकाना विसरता कामा नये. कोणाकडे गाडी असेल, कोणी निवृत्त परिचारिका असेल, कोणाला सरकारी अर्ज लिहिता येत असेल, कोणाला केवळ दूरध्वनीवर गोड बोलता येत असेल. ज्या घराचे नाव देणाऱ्यांत आहे त्याला पुढे घेणाऱ्यांत येताना मान खाली घालावी लागत नाही. आबाच्या दुखण्यावर याहून चांगले औषध सापडणे कठीण.

या वहीसंबंधी तीन पथ्ये पाळावी लागतील. पहिले, ती सभेत वाचली जाऊ नये. दोन विश्वासू व्यक्तींच्या हाती, त्यांत एक स्त्री, कुलपात राहावी. कोणाचा आजार हा चौकातील चर्चेचा विषय होऊ नये. दुसरे, प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी व कोणत्या दिवशी तपासली हे लिहावे. २०२१ च्या मे महिन्यात खाटा, औषधे, प्राणवायूच्या नळकांड्या यांच्यासाठी दूरध्वनी क्रमांकांच्या याद्या हातोहात फिरत होत्या. सद्‍हेतूनेच फिरत होत्या. परंतु त्यांतील कित्येक क्रमांक बंद, कित्येक ठिकाणचा साठा केव्हाच संपलेला. ज्याचा रुग्ण धापा टाकतो आहे त्याने वीस क्रमांक फिरवावे आणि एकविसाव्याला उत्तर मिळावे, हा वेळ कोठून आणायचा? तारीख नसलेली नोंद अशा वेळी नोंद नसल्यासारखीच. तिसरे, वहीत महाजनांचीच घरे असू नयेत. देवळाच्या परिसरात राहणारे सेवेकरी, वाजंत्री, फुलकार, भाडेकरू, बांधकामावर आलेले परप्रांतीय मजूर, तसेच शेजारची ख्रिस्ती व मुसलमान घरे यांचीही नोंद, त्यांची संमती घेऊन, व्हावी. साथ कोणाचे काताल्ग पाहून घरात शिरत नाही.

देवस्थानांजवळ आणखी दोन साधने आहेत. एक अग्रशाळा. उत्सवाखेरीज तिच्या बऱ्याच खोल्या रिकाम्या असतात. ज्याच्या घरी एकच खोली आहे अशा रुग्णाला वेगळे राहण्यास, आरोग्य खात्याच्या सल्ल्याने, त्यांतील दोन-तीन खोल्या देता येतील. कोणत्या खोल्या, स्वच्छता कोण करणार, डबा कोठे ठेवणार, हे संकटाआधीच ठरवून ठेवले तर त्या वेळी वाद होणार नाही. दुसरे साधन अन्नसंतर्पणाची मोठी भांडी आणि ती हाताळणारे कुशल हात. पन्नास माणसांचा भात-वरण हे त्यांना ओझे नव्हे.

यावर दोन आक्षेप येतील. हे सरकारचे काम, असा एक. रुग्णालय, लस, प्राणवायू हे सरकारचेच काम आणि त्याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. पण पलीकडच्या घरातील दिवा दोन रात्री लागला नाही, हे राजधानीतून दिसत नाही. दुसरा आक्षेप असा की, पालखी कोणी आधी उचलावी यावरही जेथे एकमत होत नाही तेथे हे कसे जमणार? आक्षेप खोटा नाही. मात्र एवढे म्हणता येईल की, मानाच्या पालखीला खांदा देण्यास जितके पुढे येतात तितके मध्यरात्रीच्या पाळीला येत नाहीत. त्यामुळे त्या पाळीवरून भांडण होण्याचा संभव फार कमी. किंबहुना ती पाळी एकत्र केलेली माणसे पुढे पालखीच्या वेळीही एकमेकांना थोडी जागा करून देतील, अशी आशा धरण्यास हरकत नसावी.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडविषयक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मुखपट्ट्या निघाल्या, उत्सव पूर्ववत झाले, आणि १९१८ प्रमाणेच विस्मरणास आरंभ झाला आहे. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण साथ नसतानाही पूर येतो, वादळाने वीज जाते, एकट्या माणसाचा पाय स्नानघरात घसरतो. वही त्या दिवशीही उपयोगी पडेल.

देवस्थान समितीने पुढील पाडव्यापर्यंत निदान एका वाड्याची नोंद पूर्ण करावी, एवढीच या सभेपुढे विनंती आहे. आरंभ सर्वांत दूरच्या, एक दिव्याच्या घरापासून व्हावा. दार वाजवावे, ओसरीवर बसावे, चहा पुढे आल्यास घ्यावा, आणि पहिला प्रश्न शेवटच्या रकान्याचा विचारावा. त्या घराकडून इतरांना काय देता येईल, ते आधी लिहावे. उरलेले रकाने मग आपोआप भरतील.

श्रीकृपेने सर्वांस आरोग्य लाभो. इत्यलम्.